मधल्या फळीतली दोन दशके: ऑस्ट्रेलियन फुटबॉलमधल्या मिडफिल्डरची कारकीर्द कशी घडते

मेलबर्न क्रिकेट मैदान मराठी वाचकाला अनोळखी नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये विराट कोहलीने पाकिस्तानविरुद्ध नाबाद ८२ धावा काढून सामना खेचून आणला तो याच मैदानावर, आणि तिथल्या बॉक्सिंग डे कसोटीसाठी पहाटेचा गजर लावणारी घरे महाराष्ट्रात आजही आहेत. मात्र मार्च उजाडला की हे मैदान क्रिकेटचे राहत नाही. मधली खेळपट्टी अख्खीच्या अख्खी उचलून बाहेर नेली जाते, तिथे हिरवळ बसवली जाते, मैदानाच्या दोन्ही टोकांना चार-चार खांब उभे राहतात आणि सप्टेंबरअखेरपर्यंत तिथे ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल खेळले जाते. मेलबर्नचे लोक त्याला लाडाने ‘फूटी’ म्हणतात. अंतिम सामन्याला या मैदानावर एक लाखाच्या आसपास प्रेक्षक असतात.

या खेळात सर्वाधिक धावपळ आणि सर्वाधिक धक्काबुक्की ज्याच्या वाट्याला येते तो मिडफिल्डर, म्हणजे मधल्या फळीचा खेळाडू. साहजिकच शरीराची झीजही त्याचीच अधिक होते. असे असताना स्कॉट पेंडलबरी नावाचा एक मिडफिल्डर २००६ मध्ये पहिला सामना खेळतो आणि २०२५ च्या हंगामात, वयाच्या सदतिसाव्या वर्षीही, त्याच कॉलिंगवूड क्लबच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या जर्सीत मैदानावर असतो, हे कसे शक्य झाले? तो कधीच संघातला सर्वांत वेगवान खेळाडू नव्हता. त्याच्याकडे होती ती घाईगर्दीतही स्वतःसाठी वेळ काढण्याची हातोटी, आणि माझ्या मते मिडफिल्डरच्या कारकिर्दीचे मर्म नेमके तिथेच आहे. हे नीट समजण्यासाठी आधी खेळ समजून घ्यावा लागेल.

फूटीचा जन्मच मुळी क्रिकेटच्या अंगणात झाला. टॉम विल्स हा व्हिक्टोरिया वसाहतीतला नामांकित क्रिकेटपटू. जुलै १८५८ मध्ये त्याने एका क्रीडा नियतकालिकाला पत्र लिहून सुचवले की हिवाळ्यात क्रिकेटपटूंचे शरीर सुस्त पडू नये यासाठी एखादा फुटबॉल क्लब काढावा. पुढच्याच वर्षी, मे १८५९ मध्ये, मेलबर्न फुटबॉल क्लबच्या मंडळींनी या खेळाचे पहिले लेखी नियम तयार केले. हा खेळ पुढे क्रिकेटच्याच मैदानांवर वाढला आणि म्हणून आजही तो लंबगोल मैदानावर खेळला जातो. मैदानाची लांबी १३५ ते १८५ मीटर असू शकते आणि रुंदी ११० ते १५५ मीटर. आपल्या ओळखीच्या फुटबॉलच्या मैदानापेक्षा हे क्षेत्र कितीतरी मोठे भरते. चेंडूही लंबगोल असतो. त्यातला सर्वांत प्रसिद्ध शेरिन चेंडू १८८० च्या सुमारास मेलबर्नच्या ज्या कामगारवस्तीत बनू लागला, त्या वस्तीचेच नाव कॉलिंगवूड. १८९२ मध्ये पेंडलबरीचा क्लब जिथे स्थापन झाला तीच ही वस्ती.

प्रत्येक संघाचे अठरा खेळाडू एका वेळी मैदानात असतात. मधल्या दोन उंच खांबांमधून पायाने मारलेला चेंडू थेट गेला की गोल होतो आणि त्याचे सहा गुण मिळतात. चेंडू बाजूच्या आखूड खांबांकडून गेला तर एक गुण, ज्याला ‘बिहाइंड’ म्हणतात. चेंडू लाथेने मारता येतो किंवा एका तळहातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने ठोसून सहकाऱ्याकडे देता येतो. त्याला ‘हँडबॉल’ म्हणतात. चेंडू फेकणे मात्र निषिद्ध आहे. लाथेने मारलेला आणि किमान पंधरा मीटर अंतर कापून आलेला चेंडू कोणी हवेतच झेलला तर तो ‘मार्क’ ठरतो, आणि मग त्या खेळाडूला निवांत उभे राहून पुढची लाथ मारता येते. चेंडू घेऊन पळता येते, पण साधारण दर पंधरा मीटरला तो जमिनीवर आपटावा किंवा टेकवावा लागतो. ऑफसाइडचा नियमच नाही, त्यामुळे प्रतिस्पर्धी समोरून, मागून, बाजूने, कुठूनही चाल करून येऊ शकतो. डाव वीस-वीस मिनिटांच्या चार भागांत खेळला जातो, पण खेळ थांबलेला वेळ भरून काढला जात असल्याने प्रत्यक्षात एकेक भाग अर्ध्या तासाच्या घरात जातो.

मिडफिल्डरच्या दृष्टीने या सगळ्यात निर्णायक नियम एकच आहे. चेंडू हाती असलेल्या खेळाडूला प्रतिस्पर्ध्याने खांद्यांच्या खाली आणि गुडघ्यांच्या वर पकडले, आणि चेंडू सोडण्याची संधी त्याला त्याआधी मिळालेली असली, तर त्याने तत्क्षणी लाथ किंवा हँडबॉल करायला हवा. तसे झाले नाही तर पंच शिट्टी वाजवतात, आणि गॅलरीतले हजारो लोक त्याच्याही आधी ‘बॉल!’ म्हणून ओरडलेले असतात. चेंडू प्रतिस्पर्ध्याला मिळतो. म्हणजे चेंडू हाती येणे हे जितके यश तितकेच संकट. तो हाती येण्यापूर्वीच पुढे काय करायचे हे ठरलेले नसेल तर त्या यशाचा काही उपयोग नाही.

आता मैदानाच्या मध्यभागी काय घडते ते जवळून पाहू. प्रत्येक गोलनंतर खेळ तिथूनच पुन्हा सुरू होतो. पन्नास मीटरच्या एका चौकोनात दोन्ही संघांचे चार-चार खेळाडू उभे राहतात. २०१९ पासून इतर खेळाडूंनी कुठे उभे राहायचे हेही ठरवून दिलेले आहे, जेणेकरून मध्यभागी भाऊगर्दी होऊ नये. या चौघांतला एक ‘रकमन’, संघातला सहसा सर्वांत उंच माणूस. पंचाने चेंडू उंच उडवला की दोन्ही रकमन एकमेकांच्या अंगावर झेपावून हवेत त्याला थाप मारतात. उरलेले तिघे मिडफिल्डर त्यांच्याभोवती साधारण वर्तुळाकार उभे असतात. आपला रकमन थाप कोणत्या दिशेला देणार हे त्यांना खुणेने आधीच कळलेले असते, पण समोरचे तिघेही तोच अंदाज बांधत असतात. चेंडू खाली येतो तेव्हा एकजण वाकून तो उचलण्याच्या बेतात असतो, दुसरा त्याच्या वाटेवर आडवा खांदा देऊन प्रतिस्पर्ध्याला रोखतो, तिसरा दोन-तीन पावले बाहेर सरकून हँडबॉलची वाट पाहतो. सगळा प्रकार दोन-तीन सेकंदांत आटोपतो. चेंडू त्या घोळक्यातून बाहेर काढून पुढे पाठवला की त्याला ‘क्लिअरन्स’ म्हणतात, आणि प्रशिक्षकांच्या तक्त्यावर या आकड्याला फार मोल असते, कारण समोरचा बचाव सावरण्याआधी चेंडू पुढच्या फळीपर्यंत पोचवण्याची संधी तिथूनच निर्माण होते.

घोळक्याच्या पोटात शिरून चेंडू काढणाऱ्याला आतला मिडफिल्डर म्हणतात. तो सहसा भक्कम बांध्याचा, पाय रोवून उभा राहणारा असतो. घोळक्याच्या कडेला थांबून चेंडू घेणारा आणि वेगाने पुढे नेणारा तो बाहेरचा. मैदानाच्या दोन्ही कडांना धावणारे विंगचे खेळाडू यांच्याहून निराळे, आणि त्यांचे अंतर सर्वांत जास्त भरते. एका सामन्यात मिडफिल्डर साधारण बारा ते पंधरा किलोमीटर धावतो, तेही सरळ एका लयीत नव्हे तर झेप, थांबा, टक्कर, पुन्हा झेप अशा क्रमाने. पेंडलबरी आत आणि बाहेर दोन्हीकडे वावरू शकणारा होता, आणि १९१ सेंटीमीटर उंचीमुळे आपल्या पिढीच्या बहुतेक मिडफिल्डरांपेक्षा उंचही.

त्याची घडण मात्र फूटीच्या मैदानावर कमी आणि बास्केटबॉलच्या कोर्टवर अधिक झाली. ७ जानेवारी १९८८ रोजी जन्मलेला हा मुलगा व्हिक्टोरियाच्या पूर्वेकडच्या गिप्सलँड भागातल्या सेल गावचा. किशोरवयात त्याचा जीव बास्केटबॉलमध्ये होता आणि त्या खेळासाठी कॅनबेरातल्या ऑस्ट्रेलियन क्रीडा संस्थेची शिष्यवृत्तीही त्याला मिळाली होती. तिथे थोडा काळ काढल्यावर त्याने ती सोडून फूटी निवडली. त्याची रिकामी झालेली जागा पॅटी मिल्सला मिळाली, जो पुढे अमेरिकेच्या एनबीएमध्ये खेळला आणि २०१४ मध्ये सॅन अँटोनियो संघाकडून विजेतेपदाचा मानकरी ठरला. एका मुलाच्या निर्णयाने दोन खेळांचे नशीब फळफळले, असे म्हटले तर ते वावगे ठरणार नाही.

बास्केटबॉलने पेंडलबरीला नेमके काय दिले हे त्याच्या खेळाची जुनी चित्रफीत हळू वेगात पाहिली की ध्यानात येते. चेंडू हातात घेतल्यावर तो लगेच पळत सुटत नाही. तो क्षणभर रेंगाळतो, चेंडू शरीरापासून दूर, एका हाताच्या टोकाला धरतो, डाव्या पायाने लाथ मारणार असा आविर्भाव करतो. अंगावर येणारा प्रतिस्पर्धी त्या आविर्भावाला फसून वजन एका बाजूला टाकतो, आणि पेंडलबरी दुसऱ्या बाजूने एकच पाऊल टाकून मोकळा होतो. बास्केटबॉलच्या चिमुकल्या कोर्टवर दहा माणसांच्या दाटीत हेच तर करावे लागते. अंगावर येणाऱ्याला नजरेने आणि खांद्याने चकवायचे, पास कुठे जाणार हे पाहून न पाहिल्यासारखे करायचे, आणि सहकाऱ्याच्या आजच्या जागेकडे नव्हे तर तो पुढच्या क्षणी जिथे पोचेल तिथे चेंडू द्यायचा. कसलेला फलंदाज गोलंदाजाच्या मनगटावरून चेंडू ओळखतो आणि म्हणून त्याला फटक्यासाठी इतरांपेक्षा जास्त वेळ असल्यासारखे वाटते, तसाच हा प्रकार. त्या जास्तीच्या वेळेमागे वेगवान पाय नसतात, लवकर पाहणारे डोळे असतात. हा केवळ पेंडलबरीचाच अनुभव नव्हे. २०१७ मध्ये महिलांची राष्ट्रीय फूटी स्पर्धा सुरू झाली तेव्हा पहिल्याच वर्षी सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळवणारी अॅडलेडची एरिन फिलिप्स ही अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये आणि ऑलिंपिकमध्ये बास्केटबॉल खेळून आलेली होती.

व्यावसायिक कारकीर्द सुरू होण्याचा दरवाजा म्हणजे ‘ड्राफ्ट’. कोणत्या क्लबकडून खेळायचे हे होतकरू खेळाडू ठरवत नाही. दरवर्षी हंगाम संपल्यावर क्लब क्रमाक्रमाने नव्या खेळाडूंची निवड करतात, आणि हा क्रम गुणतालिकेच्या उलट असतो. म्हणजे तळाच्या संघाला पहिली निवड मिळते. श्रीमंत क्लबांनी सगळे चांगले खेळाडू ओढून नेऊ नयेत यासाठी १९८६ पासून ही पद्धत लागू झाली, आणि तिच्या जोडीला प्रत्येक क्लबच्या एकूण वेतनखर्चावर कमाल मर्यादाही आहे. हा बंदोबस्त न्याय्य आहे, पण कोवळ्या मुलांच्या दृष्टीने कठोर आहे, कारण पर्थच्या मुलाला एका रात्रीत मेलबर्नला, किंवा अॅडलेडच्या मुलाला ब्रिस्बेनला बिऱ्हाड हलवावे लागते.

२००५ मध्ये कॉलिंगवूड सोळा संघांत पंधराव्या क्रमांकावर घसरला होता. तळाच्या कार्लटनने पहिल्या क्रमांकावर मार्क मर्फीला उचलले. कॉलिंगवूडला मात्र त्या वर्षीच्या खास सवलतीमुळे सुरुवातीलाच दोन संधी मिळाल्या आणि त्यांनी दुसऱ्या क्रमांकावर डेल थॉमस तर पाचव्या क्रमांकावर पेंडलबरी यांना निवडले. दोघेही गिप्सलँडचे, दोघेही गिप्सलँड पॉवर या युवा संघातून आलेले. एका वाईट हंगामाच्या बदल्यात कॉलिंगवूडच्या पदरात पडलेले हे दोन तरुण पाच वर्षांनी विजेत्या संघात होते.

निवड होणे म्हणजे मैदानात उतरणे नव्हे. अठरा वर्षांचा मुलगा पंचविशीतल्या, सहा-सात हंगाम व्यायामशाळेत घालवलेल्या पुरुषांच्या टकरीला लगेच तोंड देऊ शकत नाही, आणि मधल्या फळीत तर मुळीच नाही. म्हणून नव्या मिडफिल्डरला आधी दुय्यम संघाकडून खेळवतात, मग वरच्या संघात घेतले तरी विंगवर किंवा पुढच्या फळीच्या कोपऱ्यात ठेवतात, जिथे टकरी कमी असतात आणि चुकीची किंमतही कमी मोजावी लागते. मध्यभागातल्या त्या चौकोनात उभे राहण्याचा मान दोन-तीन वर्षांनी मिळतो. पेंडलबरीने २००६ च्या हंगामात पदार्पण केले, २००७ पासून तो संघात नियमित झाला आणि दशक संपता संपता डेन स्वॉनसोबत कॉलिंगवूडच्या मधल्या फळीचा कणा बनला.

२०१० चे वर्ष विलक्षण होते. २५ सप्टेंबरला कॉलिंगवूड आणि सेंट किल्डा यांच्यातला अंतिम सामना ६८–६८ असा बरोबरीत सुटला. त्या काळच्या नियमानुसार जादा वेळ नव्हता. अख्खा सामना पुढच्या शनिवारी, २ ऑक्टोबरला, पुन्हा खेळवण्यात आला. दोन तास झुंजून हाती काहीच न लागलेल्या खेळाडूंना सात दिवसांत पुन्हा उभे राहायचे होते. फेरसामना कॉलिंगवूडने १०८–५२ असा एकतर्फी जिंकला आणि अंतिम सामन्यातल्या सर्वोत्तम खेळाडूला दिले जाणारे नॉर्म स्मिथ पदक पेंडलबरीला मिळाले. तेव्हा तो बावीस वर्षांचा होता. बरोबरीतल्या पहिल्या सामन्याचे पदक हरलेल्या संघाच्या नव्हे, जिंकलेल्याही नव्हे, तर अनिर्णित लढतीतल्या सेंट किल्डाच्या लेनी हेजला आधीच मिळाले होते, आणि तोही मिडफिल्डरच. अशी वेळ पुन्हा येणार नाही. आता बरोबरी झाल्यास त्याच दिवशी जादा वेळ खेळवला जातो.

बावीस ते तीस हा मिडफिल्डरचा बहराचा काळ. या वयात शरीर पूर्ण भरलेले असते आणि समजही आलेली असते. याच काळात त्याच्यावर प्रतिस्पर्ध्याचा पहाराही बसतो. ‘टॅगर’ नावाचा एक खास खेळाडू असतो. त्याला प्रशिक्षकाने दिलेले काम एवढेच की समोरच्या संघातल्या सर्वांत घातक मिडफिल्डरच्या सावलीसारखे फिरायचे आणि त्याला चेंडू मिळू द्यायचा नाही. ढकलणे, अडवणे, जर्सीला चिमटीत पकडणे, पंचाची पाठ फिरली की कोपर लावणे, सगळे प्रकार त्यात येतात. २०११ च्या अंतिम सामन्यात कॉलिंगवूडला ३८ गुणांनी हरवणाऱ्या जीलाँगचा कर्णधार कॅमरन लिंग हा असा नावाजलेला टॅगर होता. टॅगरला चुकवण्याचे दोन मार्ग असतात: त्याला दमवेपर्यंत धावत राहणे, किंवा आपण स्वतः बाजूला राहून त्याला गुंतवून ठेवणे आणि सहकाऱ्यासाठी जागा मोकळी करणे. दुसरा मार्ग आकडेवारीत दिसत नाही, पण जाणकार प्रेक्षक त्याचीच वाखाणणी करतात.

दमाचा प्रश्न आणखी एका नियमाशी जोडलेला आहे. या खेळात राखीव बाकावरच्या खेळाडूंशी सतत अदलाबदल करता येते. एकेकाळी त्यावर बंधन नव्हते, त्यामुळे मिडफिल्डर काही मिनिटे जीव तोडून धावायचे, बाकावर बसून श्वास घ्यायचे आणि परत यायचे. खेळ अतिवेगवान होऊन दाटी वाढू लागली तेव्हा अदलाबदलींवर मर्यादा आली: २०१४ मध्ये १२०, २०१६ मध्ये ९० आणि २०२१ पासून ७५. आकडा कमी होत गेला तसतसे मिडफिल्डरला मैदानावरच विश्रांती शोधणे भाग पडले. कोणत्या क्षणी धावणे फुकट जाईल हे ज्याला कळते तो शेवटच्या भागातही ताजा असतो. आता दोन खांद्यांमध्ये जर्सीच्या आत एक छोटे उपकरण बसवलेले असते, जे खेळाडूचे अंतर, वेग आणि झेपा मोजते. सामन्यानंतरच्या आठवड्यात किती धावायचे, कोणत्या दिवशी नुसते पोहायचे, हे त्याच नोंदींवरून ठरते.

व्यक्तिगत मानसन्मानांत मधल्या फळीचे वर्चस्व उघड आहे. सर्वांत मोठा सन्मान म्हणजे १९२४ पासून दिले जाणारे ब्राउनलो पदक. साखळी फेरीतल्या प्रत्येक सामन्यानंतर खुद्द पंचच तीन खेळाडूंना ३, २ आणि १ अशी मते देतात, आणि हंगामाअखेर एका समारंभात ती मोजली जातात. पंच चेंडूच्या जवळ असतात आणि चेंडूच्या जवळ मिडफिल्डर असतात, म्हणून हे पदक बहुतेकदा त्यांच्याकडेच जाते. कॉलिंगवूडच्या डेन स्वॉनला ते २०११ मध्ये मिळाले, तर कार्लटनच्या पॅट्रिक क्रिप्सने २०२४ मध्ये ४५ मतांचा विक्रम केला. पेंडलबरीला हे पदक कधी मिळाले नाही. त्याला पाच वेळा क्लबच्या सर्वोत्तम खेळाडूचा कोपलंड चषक मिळाला, सहा वेळा वर्षाच्या अखिल ऑस्ट्रेलियन संघात त्याची निवड झाली. पण ब्राउनलो हुकले ते हुकलेच. पंचांच्या नजरेत भरणारा खेळ आणि संघाला तारणारा खेळ यांत अंतर असू शकते, असे मला यावरून ठामपणे वाटते.

२०१४ मध्ये तो कर्णधार झाला आणि २०२२ पर्यंत, म्हणजे सलग नऊ हंगाम, ती जबाबदारी त्याच्याकडे होती. त्या काळात विजेतेपदाच्या सर्वांत जवळ संघ पोचला तो २०१८ मध्ये. वेस्ट कोस्टविरुद्धच्या अंतिम सामन्यात कॉलिंगवूडने सुरुवातीलाच मोठी आघाडी घेतली होती, ती हळूहळू विरत गेली, आणि शेवटची दोनेक मिनिटे उरली असताना डॉम शीडने अगदी सीमारेषेलगतच्या अवघड कोनातून गोल केला. निकाल ७९–७४. पाच गुणांचा, म्हणजे एका गोलपेक्षाही कमी फरक. त्या वेळी पेंडलबरी तिशीत होता, आणि बहुतेक मिडफिल्डरांची कारकीर्द तिथून उताराला लागते.

या उताराचे एक कारण वय, दुसरे दुखापती. पोटरीचे, मांडीचे स्नायू ताणणे, गुडघ्याचे अस्थिबंध तुटणे हे नेहमीचे. गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली की जवळजवळ वर्ष जाते. पण आज या खेळाला सर्वांत मोठी चिंता आहे ती डोक्याच्या माराची. चेंडू जमिनीवर असताना चारी बाजूंनी खेळाडू वाकून झेपावतात, तेव्हा डोके कुणाच्या ना कुणाच्या खांद्याच्या वाटेत येते. मेंदूला धक्का बसल्याचे निदान झाल्यास खेळाडूला किमान बारा दिवस सामना खेळता येत नाही, असा नियम २०२१ पासून आहे. मेलबर्न संघाचा मिडफिल्डर अँगस ब्रेशॉ याला २०२३ च्या बाद फेरीत कॉलिंगवूडविरुद्ध डोक्याला मार लागला आणि वैद्यकीय सल्ल्यानुसार फेब्रुवारी २०२४ मध्ये, अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी, त्याला निवृत्त व्हावे लागले. रिचमंडचा मिडफिल्डर शेन टक २०२० मध्ये निधन पावला. वारंवारच्या आघातांतून होणारा मेंदूचा गंभीर विकार त्याला जडला होता हे मरणोत्तर तपासणीत निष्पन्न झाले. त्याचे वडील मायकेल टक हे हॉथॉर्नकडून ४२६ सामने खेळलेले दिग्गज. मिडफिल्डरच्या दीर्घ कारकिर्दीचे कौतुक करताना हा हिशेब नजरेआड करणे मला योग्य वाटत नाही.

ज्यांना टिकायचे असते त्यांना तिशीनंतर आपली भूमिका बदलावी लागते. काही मिडफिल्डर पुढच्या फळीत जातात, जिथे धावणे कमी आणि गोल करण्याची संधी जास्त. काही बचावाच्या पुढच्या ओळीत, हाफ-बॅकवर, जातात. तिथे खेळ समोर उलगडत असतो, चेंडू हाती येतो तेव्हा दाटी कमी असते आणि तो कुणाकडे द्यायचा हे ओळखणाऱ्या अनुभवी माणसाची तिथे खरी किंमत असते. २०२२ मध्ये क्रेग मॅक्रे प्रशिक्षक झाले तेव्हा पेंडलबरीलाही सुरुवातीला हाफ-बॅकवर उतरवण्यात आले, पण तो पुन्हा मधल्या फळीकडे परतला. पुढच्या वर्षी त्याने कर्णधारपद आपणहून सोडले आणि ते डार्सी मूरकडे गेले. ज्या पदावर नऊ वर्षे राहून विजेतेपद मिळाले नाही, ते पद सोडल्याच्या पहिल्याच वर्षी ते मिळाले: ३० सप्टेंबर २०२३ रोजी, १,००,०२४ प्रेक्षकांसमोर, कॉलिंगवूडने ब्रिस्बेनला ९०–८६ असे हरवले. त्याच्या दोन विजेतेपदांमध्ये तेरा वर्षांचे अंतर पडले. क्लबचे हे सोळावे विजेतेपद, आणि त्यामुळे कॉलिंगवूड हा कार्लटन व एसेंडन यांच्या बरोबरीला आला.

ऑगस्ट २०२४ मध्ये, जुना वैरी असलेल्या कार्लटनविरुद्ध, पेंडलबरीने ४०० वा सामना खेळला. फूटीच्या या सर्वोच्च क्लब स्पर्धेच्या १८९७ पासूनच्या इतिहासात त्याआधी केवळ पाच खेळाडू या टप्प्यापर्यंत पोचले होते. त्यांतला ब्रेंट हार्वी ४३२ सामने खेळला. कारकिर्दीत लाथ आणि हँडबॉल मिळून किती वेळा चेंडू पुढे दिला, याचा विक्रम सेंट किल्डाच्या रॉबर्ट हार्वी या मिडफिल्डरच्या नावावर होता. तोही पेंडलबरीने मागे टाकला. हे दोन हार्वी एकमेकांचे नातलग नव्हेत, पण दुसऱ्याचा कॉलिंगवूडशी संबंध आहे. २०२१ च्या हंगामात नेथन बकली प्रशिक्षकपदावरून बाजूला झाले तेव्हा उरलेल्या सामन्यांसाठी कॉलिंगवूडचे हंगामी प्रशिक्षक हेच रॉबर्ट हार्वी होते, आणि त्यांच्या संघाचा कर्णधार होता पेंडलबरी. विक्रम ज्याचा होता तो सीमारेषेबाहेर उभा राहून, तो मोडणाऱ्यालाच कुठे उभे राहायचे हे सांगत होता. निवृत्तीनंतर अनेक मिडफिल्डर प्रशिक्षणाकडे वळतात त्याचे कारणही यात दिसते. वीस वर्षे ज्याने प्रत्येक चेंडूआधी मैदानावरची छत्तीस माणसे डोळ्यांत साठवली, त्याला तीच माणसे बाकावरून पाहताना फारसे वेगळे काही करावे लागत नाही.